नव्याण्णव टक्के प्रकाश गेला कुठे?

१९५९ साली वेस्टिंगहाउस कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या अर्विन वीडर या भौतिकशास्त्रज्ञाचा एक निबंध प्रसिद्ध झाला. विषय माणकाचा होता. माणकावर प्रखर प्रकाश टाकला की ते त्यातला काही भाग शोषून घेतं आणि स्वतःचा लाल प्रकाश देतं, ही गोष्ट शंभर वर्षं माहीत होती. वीडरने त्या देण्याघेण्याचा हिशेब मांडला. शंभर प्रकाशकण शोषले गेले तर लाल प्रकाशकण बाहेर येतो साधारण एक. म्हणजे कार्यक्षमता एक टक्का, बाकीचे नव्याण्णव उष्णतेत विरून जात असणार.

हा आकडा दुसऱ्या एखाद्या वर्षी छापला गेला असता तर रत्नांच्या अभ्यासकांपलीकडे कुणी त्याची दखलही घेतली नसती. पण ते वर्ष वेगळं होतं. आधीच्या डिसेंबरात चार्ल्स टाउन्स आणि आर्थर शॉलो यांनी ‘फिजिकल रिव्ह्यू’मध्ये दाखवून दिलं होतं की सूक्ष्मलहरींवर चालणाऱ्या मेसरचं तत्त्व दृश्य प्रकाशालाही लावता येईल, म्हणजे आज ज्याला लेसर म्हणतात ते बनवता येईल. तत्त्व आइनस्टाइनचं, १९१७ सालचं : उत्तेजित अणूवर योग्य ऊर्जेचा प्रकाशकण आदळला तर अणू तसाच दुसरा प्रकाशकण सोडतो. अट एवढीच की ऊर्जेच्या खालच्या पायरीवरच्या अणूंपेक्षा वरच्या पायरीवरचे अणू संख्येने जास्त हवेत. ही उलटी विषमता कोणत्या पदार्थात साधायची, यावर अमेरिकेत चढाओढ लागली. कोलंबिया विद्यापीठात टाउन्सचा गट पोटॅशियमच्या वाफेमागे होता, बेल लॅबमध्ये अली जावान हेलियम-निऑनच्या मिश्रणावर काम करत होता, आणि टीआरजी नावाच्या छोट्या कंपनीला गॉर्डन गूल्डच्या कल्पनांपोटी संरक्षण खात्याने जवळपास दहा लाख डॉलर देऊ केले होते. गंमत अशी की काम गोपनीय ठरलं आणि खुद्द गूल्डलाच त्यासाठी सुरक्षा परवाना मिळाला नाही.

स्फटिकांमध्ये माणकाचं नाव आपोआप पुढे यायचं, कारण मेसरसाठी ते वापरात होतंच. माणिक म्हणजे मुळात कुरुविंद, ॲल्युमिनियमचं ऑक्साइड. ते शुद्ध असेल तर पाण्यासारखं पारदर्शक असतं. त्यात काही ॲल्युमिनियम अणूंच्या जागी क्रोमियम बसलं की रंग चढतो. प्रयोगासाठीच्या गुलाबी माणकात क्रोमियम ऑक्साइडचं प्रमाण वजनाने ०.०५ टक्के असतं. हे क्रोमियम हिरवा आणि जांभळा प्रकाश शोषून वरच्या रुंद पट्ट्यांत जातं, तिथून ऊर्जेचा थोडा भाग स्फटिकाच्या कंपनांना देऊन चटकन एका मधल्या पायरीवर उतरतं आणि तिथे थबकतं. अणूंच्या मानाने फार मोठा काळ थबकतं, तीन-चार मिलिसेकंद. मग ६९४ नॅनोमीटरच्या आसपासचा गडद लाल प्रकाश सोडून तळाशी येतं.

आता एक टक्का या आकड्याचं वजन पाहू. गुलाबी माणकाच्या एका घनसेंटिमीटरमध्ये क्रोमियमचे सुमारे १.६ गुणिले दहाचा एकोणिसावा घात इतके आयन असतात. त्यांतले निम्म्याहून अधिक वर उचलायचे, कारण माणकाचा लाल प्रकाश थेट तळाच्या पायरीवर येऊन संपतो आणि तळ निम्मा रिकामा झाल्याशिवाय विषमता उलटत नाही. प्रत्येक शोषलेला हिरवा प्रकाशकण कामी आला तर त्याला साधारण तीन जूल ऊर्जा पुरते. शंभरातला एकच कामी आला तर तीनशे जूल लागतील, आणि त्याही त्या तीन-चार मिलिसेकंदांच्या आत, स्फटिकाने प्रत्यक्ष शोषलेल्या. दिव्याचा बहुतेक प्रकाश नको त्या रंगाचा किंवा नको त्या दिशेचा असतो हे धरलं, तर असा दिवा बाजारात शोधायला जाण्यात अर्थ नव्हता.

माणकाच्या लाल प्रकाशाची कुळकथा मात्र प्रयोगशाळेतल्या या धावपळीपेक्षा निवांत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पॅरिसमध्ये एडमंड बेकरेलने फॉस्फोरोस्कोप नावाचं उपकरण बनवलं. खाचा पाडलेल्या दोन फिरत्या तबकड्यांच्या मध्ये नमुना ठेवायचा. एका खाचेतून प्रकाश पडतो आणि क्षणाच्या अगदी छोट्या अंशानंतर दुसऱ्या खाचेतून नमुना दिसतो. प्रकाश बंद झाल्यावरही माणिक लाल तेवत राहतं, हे त्यातून दिसलं. हा लाल रंग खुद्द ॲल्युमिनाचा, असं बेकरेलचं मत. १८८०च्या दशकात लकॉक द ब्वाबोद्रांने प्रयोग करून ते खोडलं : चमकतो तो क्रोमियमचा अंश. वाद काही काळ रंगला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑगस्त व्हर्नोईने ज्योतीत भुकटी वितळवून कृत्रिम माणिक बनवण्याची रीत प्रसिद्ध केली आणि घड्याळांच्या खड्यांचा धंदा भरभराटीला आला. त्याचा उपकार पुढे भौतिकशास्त्रावर झाला, कारण माणिक हवं तितकं आणि हव्या त्या मापाचं मिळू लागलं.

या कुळकथेत एक मराठी नाव आहे आणि ते फारसं कुणाच्या तोंडी नाही. बी. व्ही. ठोसर यांनी १९३८ साली ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये माणकातल्या क्रोमियम आयनाच्या शोषण आणि प्रतिदीप्ती वर्णपटांवर लिहिलं, आणि १९४०च्या दशकाच्या आरंभी ‘फिजिकल रिव्ह्यू’मध्येही त्याच विषयावर त्यांचं लेखन आलं. स्फटिकाच्या जाळीत अडकलेल्या एका आयनाच्या ऊर्जापायऱ्या कशा बदलतात, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते अणुकेंद्रांच्या वर्णपटाकडे वळले. या पायऱ्यांचं सैद्धांतिक कोडं १९५८च्या सुमाराला जपानमध्ये सातोरू सुगानो आणि युकितो तानाबे यांनी बरंचसं सोडवलं. म्हणजे वीडरचा निबंध आला तेव्हा माणिक हे अज्ञात रत्न नव्हतं. त्याच्या प्रकाशाचे रंग दशांशापर्यंत ठाऊक होते. ठाऊक नव्हतं ते त्याचं प्रमाण.

याला कारण आहे. प्रकाशाची तरंगलांबी मोजायला एक चांगला वर्णपटमापक पुरतो. प्रकाश किती निघाला हे मोजायचं तर त्याचा प्रत्येक कण कुठे गेला याचा जाब द्यावा लागतो. माणकाचा वक्रीभवनांक १.७६. म्हणजे आतून पृष्ठभागाकडे येणारा किरण लंबापासून सुमारे ३५ अंशांपेक्षा जास्त कलला की बाहेर पडतच नाही, उलटा आत परावर्तित होतो. आतल्या एखाद्या बिंदूतून सर्व दिशांना निघालेल्या प्रकाशापैकी एका सपाट बाजूने जेमतेम नऊ टक्के निसटतो. बाकीचा आत भटकतो आणि कडेने, ओरखड्यातून, धारकाच्या फटीतून कुठून तरी बाहेर येतो. शिवाय लाल प्रकाश सोडणारं क्रोमियम तोच लाल प्रकाश पुन्हा शोषूही शकतं. एका आयनाने सोडलेला कण दुसऱ्याने गिळायचा, मग पुन्हा सोडायचा, असा खेळ चालला की थबकण्याचा काळही खोटा लांबतो. १९५९च्या डिसेंबरात व्हर्सान्यी, वुड आणि शॉलो यांनी माणकातल्या या अडकून पडणाऱ्या प्रकाशावर स्वतंत्र टिपणच प्रसिद्ध केलं. त्यात भर म्हणजे प्रकाशसंवेदी नळ्या हिरव्याला आणि लालला सारख्या दाद देत नाहीत. गडद लालच्या टोकाला त्यांची संवेदना झपाट्याने ढासळते. रंगांच्या द्रावणांसाठी सेर्गेई वाविलोवने १९२४ सालीच प्रतिदीप्तीचं उत्पन्न मोजून दाखवलं होतं, पण द्रावण आणि तासलेला, उच्च वक्रीभवनांकाचा स्फटिक यांत फरक आहे. अशा मोजमापात पाच-दहा टक्क्यांची चूक हे यश समजावं. सत्तर पटींची चूक मात्र मोठी म्हणावी लागेल, आणि तीच झाली होती.

१९५९च्या सप्टेंबरात न्यूयॉर्क राज्यातल्या शवांगा लॉज या डोंगरी विश्रामगृहात क्वांटम इलेक्ट्रॉनिक्सची पहिली मोठी परिषद भरली. रशियातून बासोव्ह आणि प्रोखोरोव्ह आले होते. शॉलोने तिथे गुलाबी माणिक या कामाला योग्य नाही असं मत मांडलं. त्याचा आक्षेप वीडरच्या आकड्यावर बेतलेला नव्हता. तळाची पायरी निम्मी रिकामी करणं अशक्यप्राय, हा त्याचा मुद्दा होता. तो चूक नव्हता, फक्त निराश होता. पण त्या मताला एक टक्क्याची जोड मिळाली की माणकाचं दार दोन कड्यांनी बंद होत होतं.

श्रोत्यांत थिओडोर मेमन होता. वय बत्तीस, कॅलिफोर्नियातल्या ह्यूज कंपनीच्या संशोधनशाळेत नोकरीला. वडील विद्युत अभियंता, आणि हा स्वतः शाळकरी वयापासून घरगुती विजेची उपकरणं दुरुस्त करत आलेला. स्टॅनफर्डमध्ये विलिस लॅम्बच्या हाताखाली त्याने पीएचडी केली ती उत्तेजित हेलियमच्या पायऱ्यांमधली सूक्ष्म अंतरं मोजण्यावर. प्रकाश आणि सूक्ष्मलहरी एकाच प्रयोगात जुंपायची सवय त्याला तिथे लागली. ह्यूजमध्ये त्याने सैन्यासाठी माणकाचा मेसर बनवला होता. त्या काळचे मेसर टनांत मोजावे असे; त्याने आपला मेसर काही पौंडांवर आणून ठेवला. त्यामुळे माणिक त्याच्या हातात बसलं होतं, आणि द्रव हेलियमच्या कटकटी नकोशा झाल्या होत्या. खोलीच्या तापमानाला चालेल असा घन पदार्थ त्याला हवा होता.

वीडरचा आकडा त्याने आधी खरा मानला. हे इथे मुद्दाम सांगतो, कारण ही कथा बहुधा बंडखोराची म्हणून रंगवली जाते. मेमनला वीडर खोटा पाडायचा नव्हता. माणकात नव्याण्णव टक्के ऊर्जा नेमकी कुठे गळते हे कळलं तर ती गळती नसलेला दुसरा स्फटिक निवडता येईल, एवढाच त्याचा हेतू. म्हणून त्याने गळतीच्या वाटा एकेक करून तपासायला घेतल्या. वरच्या पट्ट्यातून आयन मधल्या पायरीवर न थांबता थेट तळाशी जातात का? मधल्या पायरीवरून प्रकाश न देता कंपनांत विरतात का? प्रत्येक वाट मोजली तेव्हा गळती जवळपास सापडेचना. वरून निघालेले जवळजवळ सगळे आयन मधल्या पायरीवर पोचत होते आणि तिथून जवळजवळ सगळे लाल प्रकाश देऊनच खाली येत होते. त्याने बेरीज केली ती ७५ टक्क्यांच्या आसपास आली. पुढच्या अभ्यासात ती आणखी वरच सरकली. चोर शोधायला निघालेल्या माणसाला चोरी झालीच नाही हे कळावं, आणि त्यानेच त्याचं काम व्हावं, असा हा प्रकार. हे मोजमाप आणि प्रखर प्रकाशाखाली माणकाचा तळ काही टक्के रिकामा होतो ही नोंद, असं त्याचं टिपण १९६०च्या १ जूनच्या ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये आलं.

आता प्रश्न फक्त दिव्याचा उरला. शॉलोची अडचण कायम होती, पण कार्यक्षमता पाऊण असेल तर ती आवाक्यातली अडचण होती. मेमनने दिव्याची गरज तापमानाच्या भाषेत मांडली : सुमारे ५००० केल्विनच्या तप्त पदार्थाइतका तेजस्वी स्रोत हवा. सतत जळणारे पाऱ्याचे दिवे या मर्यादेवर जेमतेम टेकत होते, त्यांच्या भरवशावर बसणं धोक्याचं होतं. तेव्हा त्याने सतत जळण्याचा आग्रहच सोडला. छायाचित्रकारांच्या झेनॉन फ्लॅशचं तापमान ८००० केल्विनच्या घरात जातं, मग ते मिलिसेकंदभरच का टिकेना. फ्लॅशचा विचार त्याचा सहकारी चार्ल्स असावा याच्याशी झालेल्या बोलण्यातून पुढे आला. मेमनने जनरल इलेक्ट्रिकच्या यादीतून स्प्रिंगसारखा वळवलेला सगळ्यात छोटा दिवा निवडला. त्या वेढ्यात बसेल असा, एक सेंटिमीटर जाड आणि दोन सेंटिमीटर लांब माणकाचा दंड, दोन्ही टोकांना चांदीचा मुलामा, आणि एका टोकाच्या चांदीत प्रकाश बाहेर येण्यापुरतं भोक. सगळं मिळून मुठीत मावेल.

१६ मे १९६०च्या दुपारी ह्यूजच्या मालिबूतल्या प्रयोगशाळेत मेमन आणि त्याचा साहाय्यक अर्नी डीहेनन्स यांनी दिव्याचा दाब पाचशे व्होल्टपासून चढवत नेला. ऑसिलोस्कोपवर दर वेळी तीच ओळखीची रेषा यायची : झटक्यात वर आणि मग मिलिसेकंदांच्या संथ उतरणीने खाली. माणकाची नेहमीची प्रतिदीप्ती. ९५० व्होल्ट ओलांडल्यावर शिखर एकदम उंचावलं आणि उतरण तुटल्यासारखी आखूड झाली. आयन आता आपापल्या सवडीने खाली येत नव्हते, एकमेकांना ओढत येत होते. डीहेनन्स रंगांध होता, लाल त्याला धड दिसत नसे; त्या दुपारचा लाल त्यालाही दिसला.

मेमनने लगेच टिपण लिहून ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’कडे धाडलं आणि संपादकांनी ते परत केलं. मेसरवरच्या निबंधांचा त्यांना वीट आला होता, आणि याच माणसाचं माणकावरचं लेखन तर नुकतंच छापलं होतं. लेसरचा पहिला निबंध लेसरच्याच पूर्वतयारीच्या निबंधामुळे अडला, असं म्हणायला हरकत नाही. शेवटी लंडनच्या ‘नेचर’ने ६ ऑगस्टला जेमतेम तीनशे शब्दांचा मजकूर छापला. त्याआधी जुलैत न्यूयॉर्कच्या पत्रकार परिषदेनंतर काही वृत्तपत्रांनी ‘मृत्युकिरण’ हा शब्द वापरून घेतला होता. छायाचित्रासाठी मेमनच्या हाती मोठा दिवा आणि मोठं माणिक देण्यात आलं, कारण खरं उपकरण फोटोत फारच किरकोळ दिसत होतं. आजही पुस्तकांत तोच फोटो असतो.

माणकाबद्दल साशंक असलेल्यांनी मग उशीर केला नाही. फेब्रुवारी १९६१च्या ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये एकापाठोपाठ दोन टिपणं आहेत. दोन्ही गडद माणकातल्या लेसरवर, जिथे क्रोमियमचे आयन जोडीने वागतात आणि तळ निम्मा रिकामा करण्याची गरज उरत नाही. एकाचे लेखक शॉलो आणि डेव्हलिन. दुसऱ्याचे सार्ल्स आणि तोच अर्विन वीडर.

माणिक मात्र फार काळ राजा राहिलं नाही. १९६१मध्ये निओडिमियम घातलेली काच आली आणि १९६४मध्ये बेल लॅबमध्ये निओडिमियमयुक्त यॅग स्फटिक. त्यात लेसरचा प्रकाश तळाच्या वरच्या पायरीवर संपतो, म्हणून शॉलोची अडचण मुळातच नाही. त्याच वर्षी बेल लॅबमध्येच बारामतीत जन्मलेल्या आणि पुण्यात अभियांत्रिकी शिकलेल्या कुमार पटेल यांनी कार्बन डायऑक्साइडचा लेसर चालवला. विजेचं प्रकाशात रूपांतर करण्यात तो माणकाला कितीतरी मागे टाकतो. पण ती वायूंची दुनिया. स्फटिकांच्या दुनियेत जुनंच भूत परत आलं. यॅग जगभर कारखान्यांत आणि शस्त्रक्रियांत रुळला तरी त्याच्या निओडिमियमची पुंज कार्यक्षमता, म्हणजे शोषलेल्या कणांमागे बाहेर येणारे कण, किती, यावर प्रयोगशाळांचे आकडे अनेक वर्षं पांगलेले राहिले. कुणाला निम्मी मिळायची, कुणाला जवळपास पूर्ण. प्रकाश गोळा करणं हीच दुखरी नस होती. आतून पांढऱ्या रंगाचा पोकळ गोल, ज्यात कुठूनही निघालेला प्रकाश सारखा पसरतो, हा त्यावरचा उपाय रिचर्ड उल्ब्रिख्टच्या काळापासून होताच, पण स्फटिकात परत शोषला जाणारा प्रकाश गोलालाही दिसत नाही.

मग काहींनी मोजण्याची दिशाच उलटी केली. प्रकाश मोजायचाच नाही, उष्णता मोजायची. आंब्याच्या पेटीतली चांगली फळं एकेक मोजण्यापेक्षा नासकी दोन बाजूला काढणं सोपं. कार्यक्षमता ९८ टक्के असेल आणि प्रकाश मोजताना पाच टक्क्यांची चूक झाली, तर उत्तर निरुपयोगी. पण उरलेले दोन टक्के मोजताना तीच पाच टक्क्यांची चूक झाली तर ती एका टक्क्याच्या दहाव्या भागाएवढीच उरते. १९७८ साली क्विम्बी आणि येन यांनी यासाठी ध्वनीचा उपयोग केला. स्फटिक बंद डबीत ठेवून त्यावर प्रकाश ठरावीक तालात उघडझाप करत टाकायचा. जेवढी ऊर्जा उष्णतेत जाईल तेवढी डबीतली हवा त्याच तालात फुगते आणि ध्वनिग्राहक ती ऐकतो. मूळ परिणाम ग्रॅहॅम बेलला १८८० सालीच सापडलेला. शंभर वर्षांनी त्याला लेसरच्या स्फटिकांची नोकरी लागली.

हिरवा कण घेऊन लाल कण द्यायचा म्हणजे एकही कण वाया न जाता ऊर्जेचा पाचवा भाग उष्णतेत जातोच, कारण लाल कण मुळात कमी ऊर्जेचा. पण उलटं का नको? १९२९ सालीच पीटर प्रिंग्शाइमने सुचवलं होतं की शोषलेल्या कणापेक्षा सोडलेला कण किंचित जास्त ऊर्जेचा असेल, तर तो फरक पदार्थाच्या उष्णतेतून येईल आणि पदार्थ थंड होईल. निओडिमियमयुक्त यॅगमध्ये कुशिदा आणि ग्युसिक यांना १९६८ साली तापणं कमी झालेलं दिसलं, प्रत्यक्ष थंडावा नाही. हिशेब निर्दय आहे. प्रत्येक कणामागे नफा दोन-तीन टक्के, म्हणून शंभरातले दोन-तीन कण जरी उष्णतेत गेले तरी सगळा नफा बुडतो. माणकाच्या पाऊण कार्यक्षमतेवर लेसर पेटला होता. इथे ९८-९९ टक्क्यांखाली काहीच घडत नाही.

१९९५ साली लॉस अलामॉसमध्ये यिटर्बियम घातलेल्या फ्लोराइड काचेचा तुकडा लेसरने एका अंशाच्या काही दशांशांनी थंड झाला. त्यानंतर न्यू मेक्सिको विद्यापीठातल्या गटाने स्फटिक तपासण्याची एक थेट रीत रूढ केली. लेसरची तरंगलांबी हळूहळू बदलत न्यायची आणि नमुना कोणत्या तरंगलांबीला तापण्याकडून निवण्याकडे वळतो ते पाहायचं. ती जागा सांगते की बाहेर पडणारा प्रकाश शोषलेल्या कणांच्या किती टक्के आहे. लोहाचे दहा लाख भागांत मोजावे इतके थोडे अंश स्फटिकात असले तरी आकडा घसरतो, म्हणून कच्च्या मालाच्या शुद्धीकरणावरच वर्षं गेली. २०१६ साली यिटर्बियमयुक्त फ्लोराइड स्फटिक ९१ केल्विनपर्यंत उतरला, आणि दोन वर्षांनी त्याच तत्त्वावर एक अवरक्त संवेदक १३५ केल्विनवर नेऊन चालवला गेला, एकही हलता भाग नसलेल्या शीतकाने.